बाईंना विचारा : दवातला कापूस आणि तिसरीचा वर्ग

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की लहान मुलांना शाळेत तत्त्वज्ञान शिकवता येतं. जिल्हा परिषदेच्या नोकरीतली शेवटची 14 वर्षं मी ते केलं आहे. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण ते सर जिथे उभे आहेत तिथे मीही उभी होते.

प्रश्न : बाई, मी घाटंजी तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी मिळून पट 23. निम्मी मुलं कोलाम पोडावरची (पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती), घरी कोलामी बोलतात. निपुणचं, म्हणजे लहान वर्गातल्या प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि हिशेब करता यावा या सरकारी मोहिमेचं, उद्दिष्ट डोक्यावर आहे आणि मुलं जोडाक्षराला अडतात. अशा मुलांना तत्त्वज्ञान कसं शिकवायचं? डी.एड.ला आम्ही शिक्षणाचं तत्त्वज्ञान नुसतं पाठ केलं, कळलं काहीच नाही. सुरुवात कुठून करू? आणि कोणत्या तासाला?

सर, डी.एड.ला तुम्ही पाठ केली ती तत्त्वज्ञांची माहिती. मी म्हणते ते काम निराळं आहे. मुलाला एखादा प्रश्न खरोखर पडतो, वर्ग त्यावर बोलतो, आणि जो बोलेल त्याला 'काहून?', म्हणजे 'का?', हे सांगावं लागतं. मुलांना यात काही जड जात नाही. जड आपल्याला जातं, कारण उत्तर तोंडाशी आलेलं असताना गप्प बसावं लागतं.

मी हे शिकले ते एका चुकीतून. नोव्हेंबर महिना, कापसाची वेचणी चालू. आपल्याकडे या दिवसांत हजेरी कशी घसरते ते तुम्हाला ठाऊक आहे. तिसरीतला एक मुलगा उशिरा आला, चड्डी गुडघ्यापर्यंत ओली. उशीर का झाला विचारलं तर सरळ म्हणाला, "माय म्हणते, दव हाय तोवर वेचून घे. ओला कापूस जड भरते." वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण ज्यांच्या वावरात ती माय वेचत होती, त्यांचाच मुलगा मागच्या रांगेत बसलेला. तो म्हणाला, "म्हंजे तुमी आमाले फसवता."

वर्ग चिडीचूप झाला. मी म्हटलं, "भांडू नका, पुस्तकं काढा." दोघांनी पुस्तकं काढली आणि पुढचे आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. अख्ख्या वर्षात त्या वर्गात इतका खरा प्रश्न दुसरा आला नव्हता, आणि मी तो पाठ्यपुस्तकाखाली दाबून टाकला. ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

पुढच्या वर्षी वेचणी सुरू झाल्यावर मी ठरवून तो प्रश्न वर्गात आणला. कोणाच्या घराचं नाव घेतलं नाही. "एका गावात एक बाई होती" असं म्हणून सांगितला. फळ्यावर लिहिलं : ओला कापूस मोजून देणं म्हणजे खोटं बोलणं आहे का? मग मी खडू ठेवला आणि मुलांच्यात सतरंजीवर जाऊन बसले.

एक मुलगी म्हणाली, "खोटं तोंडानं बोलतेत. कापूस थोडाच बोलते?" लगेच दुसरा, "काट्यावर बोलते ना!" तिसरी म्हणाली, "दव बाईनं नाही टाकलं, ते आपोआप पडलं." त्यावर, "पण तिले माहीत होतं ना. माहीत असून गप राहिली." म्हणजे गप्प राहणं हे खोटं बोलण्यात धरायचं की नाही, यावर आठ-नऊ वर्षांची मुलं पंधरा मिनिटं बोलत होती. मग एका शेतकऱ्याचा मुलगा हळूच म्हणाला, "आमचे बाबा बी जिनिंगवर गाडी न्याच्या आधी पाणी शिंपडतेत." वर्ग त्याच्याकडे बघायला लागला. तो पुढे म्हणाला, "पण तिथं ओलावा मोजतेत अन् भाव पाडतेत." हे खरं आहे. भारतीय कपास महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्याच्या वर कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर खरेदीच नाही.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली, एरवी हजेरीलाच काय ती तोंड उघडणारी मुलगी म्हणाली, "मंग बाईचा बी ओलावा मोजा. ओल्याले कमी द्या, पण दुपारच्या उन्हात सुका वेचला त्याले जास्त द्या. नियम हाय त सगळ्याईले पाहिजे."

सर, न्याय म्हणजे काय यावर मोठमोठी पुस्तकं आहेत. या मुलीनं त्यातली एक कळीची गोष्ट स्वतःच्या वाटेनं गाठली होती. तिच्या आईचे पाय रोज त्या दवात भिजत होते, म्हणून तिला ती दिसली. मी सांगितली असती तर ती माझी झाली असती.

दुसरीकडचं सांगते. अमेरिकेत मॅथ्यू लिपमन नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, कोलंबिया विद्यापीठात शिकवायचे. कॉलेजात येईपर्यंत मुलांची विचार करण्याची सवय मोडलेली असते, असं त्यांच्या ध्यानात आलं. ही सवय लहानपणीच लावली पाहिजे असं ठरवून त्यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या आणि 1974 साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे या कामासाठी संस्था काढली. अॅन शार्प या बाई त्यांच्यासोबत होत्या. त्यांच्या पद्धतीतला मला सर्वांत आवडलेला भाग अगदी साधा आहे. मुलं गोष्ट वाचतात, मग प्रश्न त्यांनी विचारायचे, आणि गुरुजींनी प्रत्येक प्रश्न मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचा, पुढे त्या मुलाचं नाव घालायचं. कशावर बोलायचं तेही वर्गच ठरवतो.

हे नाव लिहिणं करून बघा. आपल्या मुलांचं नाव फळ्यावर येतं ते बहुतेक वेळा गोंधळ करणाऱ्यांच्या यादीत. प्रश्नासमोर नाव आलं की मूल ती ओळ वाचल्याशिवाय राहत नाही. तुमच्या निपुणचं काम तिथेच होतं. 'प्रश्न' या शब्दात दोन जोडाक्षरं आहेत, आणि माझ्या वर्गात ती कोणी गिरवून शिकलं नाही.

तास शनिवारचा घ्या. सकाळची शाळा असते, आनंददायी शनिवारही असतो, परिपाठ झाला की अर्धा तास. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी एकत्र बसवा, त्यात नुकसान नाही, लहान मुलं मोठ्यांना अडचणीत आणतात. गोल बसवा. तुमच्याजवळ तीनच वाक्यं ठेवा : "काहून?", "नेहमीच असं असते काय?" आणि "तिनं काय म्हटलं ते आधी सांग, मग तुझं सांग." तिसरं वाक्य सर्वांत कामाचं, कारण त्यानं मुलं ऐकायला लागतात. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. मला सुरुवातीला चारच्या पुढे जाता येत नव्हतं.

कोलामी मुलांबद्दल माझं मत पक्कं आहे : त्यांना कोलामीतच बोलू द्या. मोठा मुलगा मराठीत सांगेल, तुम्ही फळ्यावर मराठी लिहा. विचार करायला पुस्तकी मराठी लागते असं आपण धरून बसलो, म्हणून कितीतरी हुशार मुलं चार वर्षं मुकी बसतात. उलट एक प्रश्न तुम्हाला आयता मिळेल : मराठीतल्या या शब्दाला कोलामीत शब्द आहे का? नसेल तर ती गोष्टही नसते का? यावर मुलांचं ऐका, आणि मला कळवा.

साहित्य विकत आणू नका. मी एकदा शेजारच्या कोठ्यातला वखर वर्गात आणला होता. त्याची पास दोनदा बदललेली, रुमणं एकदा, आणि खोड पोळ्याच्या आधी नवीन केलेलं. मालक त्याला अजून "आज्याचा वखर" म्हणतात. मुलांना विचारलं, हा आज्याचाच वखर आहे का? एक मुलगा म्हणाला, "सगळं बदललं, मंग आज्याचं राह्यलं काय?" दुसरा म्हणाला, "जागा राह्यली. कोठ्यात त्याच खुंटीले टांगतेत." दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला असंच कोड्यात टाकलं होतं : चाक म्हणजे रथ का, आख म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? ही गोष्ट सांगितल्यावर बौद्ध वस्तीतल्या एका मुलीनं घरी जाऊन विहारातल्या आजोबांना विचारलं, आणि सोमवारी ती वर्गाला माझ्यापेक्षा जास्त सांगत होती.

आमच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. चक्रधर स्वामींचे दृष्टांत तिथल्या महानुभाव परंपरेनं जपले. त्यातला आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीचा दृष्टांत अवश्य घ्या, पण तात्पर्य सांगून पाणी ओतू नका. माझ्या वर्गात एकानं विचारलं होतं, "सगळे आंधळे होते त तो हत्तीच हाय, हे कोणाले दिसलं?" यावर मी अजून विचार करते.

दोन गोष्टी सांभाळा. कोणाच्या घरचं नाव घेऊन प्रश्न उघडायचा नाही. आणि एखादं मूल बोलता बोलता घरचं सांगून बसलं, जसा तो पाणी शिंपडण्याचं सांगून बसला, तर ते वर्गाबाहेर जाणार नाही याची जबाबदारी तुमची. त्या दिवशी सुटीच्या वेळी मी मुलांना तसं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. शिष्यवृत्ती आणि नवोदय दोन्ही परीक्षा द्यायच्या आहेत. अशा चर्चांचा परीक्षेत उपयोग होतो का? (पालक, वरुड)

त्यासाठी करू नका. इंग्लंडमध्ये 48 शाळांत हा प्रयोग झाला होता. 2015 साली त्याचा अहवाल आला, त्यात वाचन आणि गणितात मुलं थोडी पुढे गेलेली दिसली. पुढे याहून बऱ्याच जास्त शाळांत पुन्हा तपासलं, तेव्हा वाचनात फरक दिसला नाही. त्यामुळे मार्क वाढतील असं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे की असा वर्ग केलेलं मूल गणित चुकलं तर 'कुठं चुकलं' असं विचारतं, नुसतं खोडून टाकत नाही. नवोदयचा सराव वेगळा करून घ्या, तो करावाच लागतो.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातला, गुरुदेव सेवा मंडळाचा जुना सेवक. रोज सामुदायिक प्रार्थनेला बसतो. नातू चौथीत आहे. परवा निवद दाखवताना म्हणाला, "देवाले भूक लागते काय? नाही लागत त काहून दाखवता?" सून हसली, मला मात्र वाईट वाटलं. शाळेतच असे प्रश्न विचारायला शिकवलं तर श्रद्धा आणि संस्कार राहतील का?

काकाजी, तुम्हाला वाईट वाटलं हे मी समजू शकते. माझे वडीलही प्रार्थनेला बसणारे होते, आणि घरात निवदाच्या आधी कोणी घास घेत नसे.

पण तुमच्या नातवाचा प्रश्न आपल्याच भागातला आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात काय करायचे ते तुम्ही ऐकलं असेल, कदाचित पाहिलेल्यांकडून ऐकलं असेल. सगळं कीर्तन प्रश्नांचं. देव किती, असं विचारायचे. लोक म्हणायचे, एक. मग एकेका देवाचं नाव घेऊन, हा तुमच्या गावात आहे का, तो आहे का, असं विचारत जायचे आणि शेवटी लोकांनाच मोजायला लावायचे. हजारो माणसं रात्र रात्र बसून त्यांना उत्तरं देत होती. त्यांची श्रद्धा त्यानं गेली नाही. ती माणसं दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन गाव झाडत होती.

आणखी एक जुनी गोष्ट. कठोपनिषदातला नचिकेता पोरच होता. वडील यज्ञात दान देत होते, आणि देत होते त्या गाई कशा, तर शेवटचं पाणी प्यायलेल्या, शेवटचं गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या. ते पाहून पोरानं विचारलं, मग मला कोणाला देता? एकदा नाही, तीनदा. वडील चिडले आणि म्हणाले, तुला मृत्यूला देतो. ही गोष्ट आपण सगळे सांगतो. पण त्याच्या आधी उपनिषदात एक ओळ आहे, ती वाचताना आपण पुढे निघून जातो : त्या कुमाराच्या मनात श्रद्धा शिरली, आणि मग त्याला प्रश्न पडला. श्रद्धा होती म्हणून त्याला त्या म्हाताऱ्या गाई खटकल्या. ज्याला देणं-घेणं नव्हतं त्याला काही खटकलं नसतं.

तुमचा नातू निवदाच्या ताटाकडे नीट बघतो आहे. त्याला गप्प केलंत तर तो निवद दाखवणं सोडणार नाही, पण त्याकडे बघणं सोडेल. त्याला विचारा, "तुला काय वाटतं, आपण काहून दाखवत असू?" आणि मग तुम्हाला काय वाटतं ते सांगा. हे सांगताना कदाचित तुम्हालाही पहिल्यांदा शब्द शोधावे लागतील. माझ्या वडिलांना मी विचारलं होतं तेव्हा ते बराच वेळ थांबून म्हणाले होते, "जेवणाच्या आधी हात थांबावा म्हणून." हे मला कोणत्याच पुस्तकात मिळालं नसतं.

शाळेतल्या मूल्यशिक्षणाबद्दलही तुम्ही लिहिलं आहे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या त्या दहा मूल्यांना माझा विरोध नाही. वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, नीटनेटकेपणा मुलांना लागतातच. माझी तक्रार एवढीच, की ती भिंतीवर रंगवली की शिकवून झाली असं आपण धरतो. 'खरे बोलावे' ही ओळ त्या तिसरीच्या वर्गाच्या भिंतीवरही होती. दवातल्या कापसाचं काय करायचं ते त्या ओळीतून मुलांना कळत नव्हतं.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. श्रावणात सासूबाई गेल्या. आजी तारा झाली असं मी तिला सांगितलं. आता ती रोज विचारते, "मंग दिवसा आजी कुठं असते?" पाऊस असला की, "आज आजी भिजते काय?" मला काही सुचत नाही. हेच ते तत्त्वज्ञान असेल तर मला ते जमत नाही. (एक आई, काटोल तालुका)

ताई, आधी एक बघा. ती हे विचारते तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघते, की आभाळाकडे? तोंडाकडे बघत असेल तर तिला उत्तर नको आहे, मांडी हवी आहे. तेव्हा काही बोलू नका, जवळ घ्या. बऱ्याचदा या प्रश्नाच्या मागे दुसरा असतो, तू पण जाशील का, आणि तो मुलांना विचारता येत नाही. तो बाहेर आला तर टाळू नका. मला खूप वर्षं तुझ्याजवळ राहायचं आहे, असं सांगा. ते खरं आहे.

आभाळाकडे बघून विचारत असेल तर तिचा विचार चालू आहे, आणि चांगला चालू आहे. तारे दिवसा दिसत नाहीत, मग आजी असते की नसते? न दिसणारी वस्तू असते का? गॅरेथ मॅथ्यूज नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञांनी लहान मुलांचे असे प्रश्न जमवले होते. त्यातला एक सहा वर्षांचा मुलगा भांडं चाटता चाटता वडिलांना विचारतो, हे सगळं स्वप्न नाही हे आपल्याला कसं कळतं? तुमची मुलगी त्याच वयाची आहे. तिला सांगा, दिवसाही तारे असतात, सूर्याच्या उजेडात दिसत नाहीत. एवढं आपल्याला नक्की माहीत आहे.

आजीचं मात्र तसं सांगू नका. तारा झाली असं तुम्ही मायेनं म्हणालात, पण ती आता त्यावर एकेक मजला चढवते आहे आणि प्रत्येक मजल्याला तुम्हाला नवीन काही रचावं लागेल. एखाद्या संध्याकाळी, निवांत असताना, ते परत घ्या. असं म्हणा : "तारा झाली हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. आजी कुठं गेली ते मला माहीत नाही. माणसं वेगवेगळं सांगतात. तुला काय वाटतं?" ती रागावेल कदाचित. रागावू द्या. मग तिचं काय म्हणणं आहे ते ऐका, आणि तिला "काहून?" विचारा, जसं एखाद्या मोठ्या माणसाला विचाराल तसं.